कुसुमपाटची राणीसाहेब

भागीरथाबाईंनी मोनाच्या हातातला मोबाइल हिसकावून घेतला, त्या दुपारी वंदनाच्या मनात पहिल्यांदा आलं की आपल्या सासूच्या बाबतीत कुठेतरी पाणी मुरतंय.

तसं घडलं होतं साधंच. मोना, वंदनाची मुलगी, कॉलेजात होती आणि तिला येताजाता रील काढायची खोड होती. आजी अंगणात तांदूळ निवडत बसली होती. मध्येच मांजर ताटात तोंड घालायला आलं, तेव्हा आजीने त्याला जे काही सुनावलं ते मोनाने गुपचूप टिपलं आणि टाकून दिलं. लोकांना म्हातारी आवडली. बघता बघता ते रील कुठल्या कुठे पोचलं. मोना मोठ्या कौतुकाने दाखवायला गेली, "आजी, देख ना, तू तर वायरल झाली." भागीरथाबाईंनी पडद्यावर स्वतःला पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"काढून टाका ते," त्या म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता. कोणाला विचारून आमचा चेहरा जगाला दाखवलात?"

मोनाने घाबरून रील काढून टाकलं आणि रुसून आत गेली. वंदना मात्र जागच्या जागी उभी राहिली. तिला खटकला तो सासूचा राग नव्हे, तिची भाषा. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिने सासूच्या तोंडून 'मले', 'तुले'च ऐकलं होतं. भिलाईच्या हुडको कॉलनीतली सगळी भंडारा-गोंदियाकडची मंडळी बोलत तसंच. 'आमचा चेहरा', 'दाखवलात' ही मराठी या घरात कोणी बोलत नव्हतं. मग ती आली कुठून?

एकदा शंका आली की माणूस मागचंही उकरून काढतो. वंदनाचंही तसंच झालं. सासूचं माहेर आमगावकडचं, म्हणजे तसं त्या सांगत. पटकीत सगळे गेले, कोणी उरलं नाही, असंही सांगत. पण माहेरचा एखादा लांबचा चुलतभाऊ, गावचा एखादा ओळखीचा माणूस, कोणीच कधी दारात आलं नव्हतं. सणाला, लग्नाकार्याला त्या बाजूची चिठ्ठी नाही की फोन नाही. आणि ती दुसरी सवय. घरात काहीही शिजलं की भागीरथाबाई आधी स्वतः एक घास खात, थोडा वेळ थांबत, मगच दुसऱ्यांना वाढत. देवाचा नैवेद्यसुद्धा त्याआधी दाखवू देत नसत. नवी नवरी असताना वंदनाला हे उष्टावणं वाटे. तिने तेजरामला, म्हणजे नवऱ्याला, एकदा विचारलंही होतं. "मायची आदत हाये," एवढंच तो म्हणाला होता.

काही दिवसांनी तो माणूस आला.

भागीरथाबाई कॉलनीतल्या भजनाला गेल्या होत्या, तेजराम स्टील प्लांटमध्ये पहिल्या पाळीला होता. वंदनाचं फॉल-पिकोचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं. पांढरी गाडी थांबली आणि पन्नाशीचा, स्वच्छ कपड्यांतला, हलक्या आवाजात बोलणारा माणूस उतरला. हातात दुर्गच्या हलवायाकडचा पेढ्यांचा पुडा होता. नाव त्याने राजदीप सांगितलं. आपण कुसुमपाटच्या जमीनदार घराण्यातले, भोसल्यांच्या काळात पूर्वज इकडे आले आणि इथलेच झाले, असं म्हणाला. मग सरळ विषयावर आला. रीलमधली बाई आपली काकू असावी, असा त्याला संशय होता आणि रील टाकणाऱ्या मोनाच्या नावावरून तो या घरापर्यंत पोचला होता.

वंदना हसली. तिला वाटलं, माणूस पत्ता चुकलाय.

राजदीप हसला नाही. वाड्यावर शामराव म्हणून जुन्या काळचे कारकून अजून आहेत, त्यांनी नातवाच्या मोबाइलवर ती बाई पाहिली आणि पाहताक्षणी 'राणीसाहेब' असा शब्द त्यांच्या तोंडून गेला, असं त्याने सांगितलं. "भिवईवर जुना व्रण आहे ना? डाव्या?" त्याने विचारलं.

व्रण होता. वंदनाच्या चेहऱ्यावरूनच त्याला हवं ते कळलं असावं.

मग त्याने हळूहळू, जणू आपल्यालाच सांगायला जड जातंय अशा रीतीने, सगळं सांगितलं. काकूचं नाव सत्यशीला. रामटेककडच्या एका जुन्या सरदार घरातली मुलगी. जमीनदाऱ्या तेव्हा जाऊन बराच काळ झाला होता, पण गाव तिला राणीच म्हणे. काका तरुणपणीच गेले. एका संध्याकाळी राणीच्या हातचं दूध प्याले आणि सकाळपर्यंत राहिले नाहीत. दुसऱ्या आठवड्यात राणी नाहीशी झाली आणि तिच्याबरोबर देवघरातली सोन्याची देवीही. घराण्याची अब्रू म्हणून कोणी पोलिसांत गेलं नाही.

"आम्हाला जुनं काही उकरायचं नाही," तो म्हणाला. "तिनं एकदा गावात येऊन एवढंच सांगावं की मी जिवंत आहे. बाकी आम्ही विसरलो. तुम्ही समजवा तिला. यजमानांना आत्ताच काही बोलू नका, आईचा विषय असतो, माणूस बिथरतो." जाता जाता तो दारात थांबला. "आणि ताई, तिच्या हातचं जरा जपून खात जा."

गाडी गेली. पेढ्यांचा पुडा वंदनाने शिवणाच्या टेबलाखाली सरकवला आणि तो उघडलाच नाही.

त्या दिवसापासून तिच्या घशाखाली घास उतरेना. सासूबाई आधी चाखतात, का चाखतात? ज्याला विषाची चव ठाऊक असते, तोच असं चाखेल. सासरे, नत्थूजी, कसे गेले होते ते तिला आठवू लागलं. जेवून उठले, छातीत जळजळतंय म्हणाले, ओकारी झाली आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपले. डॉक्टरांनी हृदय सांगितलं होतं. तेव्हा कोणाला शंका घ्यावीशी वाटली नव्हती. आता वंदनाला ती रात्र पुन्हा पुन्हा दिसे, ताट कोणी वाढलं होतं ते दिसे.

मोनाला सर्दी झाली आणि आजीने काढा उकळला, तर वंदनाने तो मोरीत ओतला आणि मोनाला दुकानातली गोळी दिली. भागीरथाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी पाहिलं. रिकामं पातेलं उचलून त्यांनी घासायला टाकलं. पण त्या दिवसापासून दोघी एकमेकींच्या हालचालींवर नजर ठेवू लागल्या. एकीने भांडं उचललं की दुसरीची मान वळे. बाहेर गाडीचा आवाज आला की दोघी एकदमच थबकत, आणि आपण थबकलो हे एकमेकींपासून लपवत.

तेजरामजवळ वंदनाने आडून आडून विषय काढला. आईचं माहेर नेमकं कोणत्या गावचं, तुम्ही कधी गेला होता का, असं विचारलं. तो रोलिंग मिलमधून थकून आलेला. "कावून विचारून राहिली तू?" एवढंच म्हणून तो कूस वळवून झोपला. त्याचं एवढंसं उत्तरही तिला संशयास्पद वाटलं.

भागीरथाबाईंच्या खाटेखाली एक लोखंडी पेटी होती. एका सकाळी त्या देवळात गेल्या असताना वंदनाने ती उघडली. सोन्याची देवी सापडेल, अशी तिला भीती होती. आत दोन जुनी लुगडी होती, नत्थूजींचा मफलर होता आणि चिंध्या गुंडाळून केलेली एक चुंबळ होती, डोक्यावर घमेलं ठेवायची, घामाने काळी पडलेली. बस. वंदनाला हायसं वाटायला हवं होतं. पण तिच्या मनात आलं ते असं, की मग देवी गेली कुठे?

शेवटी तिने ठरवलं की स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं. दुर्गला अस्तराचं कापड आणायला जाते, असं सांगून ती निघाली आणि दुर्गहून उतईच्या रस्त्याने जाणाऱ्या बसमध्ये बसली. उतई मागे पडलं, मग नुसती भाताची शेतं. कुसुमपाटच्या फाट्यावर उतरून ती चालत गावात गेली.

वाडा लांबूनच दिसला. पुढची बाजू नव्याने रंगवलेली, 'लवकरच येत आहे' असा हॉटेलचा मोठा फलक लावलेला. मागच्या बाजूला भलंमोठं तळं आणि तळ्याच्या काठी एक विहीर. विहिरीला लागून छोटंसं देऊळ होतं. आत मूर्ती नव्हती, शेंदूर फासलेला एक उभा दगड होता आणि त्याच्यापुढे बांगड्यांचे ढीग. हिरव्या, लाल, काचेच्या, लाखेच्या. देवळाच्या पायरीवर साठी उलटलेली एक बाई झाडू घेऊन बसली होती. तिचं नाव गुंजन. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, म्हणून ती आवाजाच्या दिशेने मान वळवून बोलत होती.

कोणाचं देऊळ, असं वंदनाने हिंदीत विचारलं. रानी दाईचं, म्हणजे राणीआईचं, गुंजन म्हणाली. राजा मेला, त्या दुःखाने राणीने या विहिरीत उडी घेतली. गुंजनची आई वाड्यावर राणीची दासी होती, तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

"लुगरा भर मिलिस, देह नइ मिलिस," गुंजन म्हणाली. नुसतं लुगडं हाती लागलं, देह नाही.

वंदना पायरीवर बसली. विषाचं आणि सोन्याच्या देवीचं काय, असं तिने हळूच विचारून पाहिलं. गुंजनने तोंड वाकडं केलं. ती गोष्ट आत्ता दोन-तीन महिन्यांत निघालीय, म्हणाली. गावात कोणाच्या बापाने कधी ऐकली नव्हती. उलट राणी सती गेली, असं राजदीपच्या बापानेच त्या वेळी गावभर सांगितलं होतं, विहिरीपाशी दगडही त्यानेच उभा केला होता. आता मुलाला तळं बुजवून तिथे हॉटेलची बाग करायची आहे. गाव आडवं आलंय. तळं मोठ्या राजाने मरायच्या आधी दसऱ्याला साऱ्या गावासमोर गावाच्या हवाली केलं होतं, त्यावर शेतं भिजतात, आणि काठावर रानी दाई आहे. तिला कोण हात लावणार? म्हणून आता तो म्हणतो की राणी इथे मेलीच नाही, ती चोर होती, पळाली. तुमचा देव खोटा आहे.

परतीच्या बसमध्ये वंदनाला खिडकीबाहेरचं काही दिसलं नाही. एकाच घराने एकाच बाईच्या दोन कहाण्या सांगितल्या होत्या. बापाला गरज होती तेव्हा ती सती होती, मुलाला गरज पडली तेव्हा चोर झाली. राजदीपचा हलका आवाज, 'जपून खात जा' हे त्याचं सांगणं, सगळं तिला आता निराळंच ऐकू येऊ लागलं. पण म्हणून सासूवरचा संशय फिटला होता असंही नाही. एक गोष्ट तर उरतच होती. जी विहिरीत मेली ती घरात बसून तांदूळ निवडत होती.

दुसऱ्या दिवशी मोना कॉलेजला गेल्यावर वंदनाने दुकानाचं शटर ओढलं आणि सासूसमोर जमिनीवर बसली.

"आई, मी काल कुसुमपाटले गेली होती," ती म्हणाली.

भागीरथाबाईंच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. मग त्यांनी विचारलं ते भलतंच. "तळ्यात पाणी हाये का?"

"हाये. भरलं हाये."

त्यानंतर त्यांनी सांगायला सुरुवात केली. सलग नाही, अडखळत, मध्येच मेथी निवडत.

सत्यशीला त्याच होत्या. सतराव्या वर्षी कुसुमपाटला आल्या. राज्य नव्हतं, हत्तीखान्यात कोळिष्टकं लोंबत होती, पण सून म्हणून पाऊल टाकलं तेव्हा अख्खं गाव वाकलं होतं. नवरा भला माणूस. वाचनाचा नादी, तब्येतीने नाजूक. त्याने तळं गावाला दिलं ते त्यांच्याच सांगण्यावरून. बायका मैलभरावरून पाणी आणताना त्यांना सज्जातून दिसत. धाकट्या दिराला ते रुचलं नाही. त्यानंतर दोन महिन्यांतच ती संध्याकाळ आली.

वंदना पुढे सरकली. तिला जे विचारायचं होतं ते विचारल्याशिवाय पुढे जाणं शक्य नव्हतं. दूध तुम्ही दिलं होतं का, असं तिने विचारलं.

"मीच देल्लं," भागीरथाबाई म्हणाल्या. "रोज मीच देत होती. चुलीवरून पेला माया हाती येयेपर्यंत त्याले कोणाकोणाचे हात लागले, मले मालूम नाई. कोणी काई टाकलं का त्याचं दुखणंच होतं, तेही मले आजवर मालूम नाई. मी चाखलं नव्हतं वंदना. एक घोट चाखला असता तर समजलं असतं."

वंदनाला मोरीत ओतलेला काढा आठवला आणि तिला खाली बघावंसं वाटलं.

पुढचं त्यांनी भराभर सांगितलं. दिराने त्यांना मागच्या चौकातल्या खोलीत कोंडलं. आधी बोलणं बंद झालं, मग जेवण अर्ध्यावर आलं. बाहेर कुजबूज सुरू झाली की राणीला जगायची इच्छा उरली नाही, ती सती जाणार म्हणते. त्यांनी स्वतः असं एक अक्षरही काढलं नव्हतं. जी कहाणी आपण बोललो नाही ती गावात फिरतेय, म्हणजे तिचा शेवट कोणीतरी ठरवलाय, हे त्यांना उमगलं. दासी होती पवनबाई, गुंजनची आई. तिने येऊन सांगितलं की अमावास्येला तुम्हाला विहिरीपाशी न्यायचं ठरलंय, पूजेला म्हणून.

मग राणीने त्यांच्याआधीच स्वतःला मारून टाकलं. पहाटे पवनबाईने कडी काढून दिली. लग्नातलं रेशमी लुगडं आणि काढून ठेवलेल्या बांगड्या विहिरीत टाकल्या, पवनबाईचं जाडंभरडं लुगडं नेसली आणि मागच्या दाराने निघाली. आवाराची भिंत उतरताना पडली, भिवई फुटली. उजाडल्यावर पवनबाईने बोंब ठोकली की राणीसाहेबांनी उडी घेतली, मी पाहिलं. दिराला हवं होतं तेच झालं होतं, त्याने फार चौकशी केली नाही. देवघरात सोन्याची देवी कधी नव्हतीच. होती ती पितळेची.

माहेरी जाता येत नव्हतं. तिथून बातमी फिरली असती आणि पवनबाईच्या अंगाची सालं निघाली असती. राजहऱ्याच्या खाणींकडून लोखंडी दगड घेऊन भिलाईच्या प्लांटला आगगाड्या जात. त्या रुळांच्या कडेने चालताना त्यांना रेजांची, म्हणजे मजुरीला निघालेल्या बायकांची, टोळी भेटली. त्या टोळीत त्या मिसळल्या. नाव विचारलं तर भागीरथा सांगितलं. प्लांट वाढत होता, माणसं हवीच होती. पहिल्या दिवशी मातीचं घमेलं त्यांना उचलेना. मुकादम हसला, बायकाही हसल्या. तळहाताची कातडी निघाली, मान आखडली. दुसऱ्या दिवशी अर्धं घमेलं उचललं. पावसाळ्याच्या आत दोन बायकांचं काम एकट्या करू लागल्या. बोली त्यांनी घमेल्यासारखीच उचलली, रोज थोडी थोडी. आपण बोललो की लोक मान वर करून बघतात, हे पहिल्याच आठवड्यात ध्यानात आलं होतं.

नत्थू प्लांटमध्ये खलाशी होता, जड सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामावर. त्याने लग्नाचं विचारलं तेव्हा त्यांनी त्याला सगळं सांगितलं, दुधासकट.

"ते काय म्हणाले?" वंदनाने विचारलं.

"म्हणाले, इथं कोणी आपलं गाव संग घेऊन नाई आलं." भागीरथाबाईंनी निवडलेली मेथी टोपल्यात टाकली. "पहिल्या दिवशी माया हातचा चहा मले चाखू न देताच पेले. मी थांबा म्हणत होती, तवा."

वंदना तिथे कितीतरी वेळ बसून होती. पटलं का तिला सगळं? बरंचसं पटलं. तरी मनाचा एक कोपरा विचारत होता, की ही बाई इतकी वर्षं दुसरीच होऊन राहिली, तर आत्ता जी बोलतेय ती तरी कोण? पण हा प्रश्न घेऊन तिला उठता येईना. तिने जवळची मेथी ओढली आणि निवडायला लागली.

संध्याकाळी भागीरथाबाईंनी तेजरामला स्वतःच सांगितलं. तो ऐकत राहिला. बाबांना माहीत होतं का, एवढंच त्याने विचारलं. मग बाहेर जाऊन स्कूटर पुसत बसला. पुसून झाली तरी पुसत होता. आत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते आणि त्याने आईला विचारलं की आता काय करायचं.

भागीरथाबाईंचं उत्तर तयार होतं. त्या जिवंत आहेत असं त्या म्हणाल्या, तर विहिरीवरचं देऊळ खोटं ठरणार, आणि मग तळं वाचवायला गावाच्या हाती काही उरणार नाही. कागदावर ते तळं वाड्याचंच होतं. "राणी त्या विहिरीत मेली. ती तिथंच राहू दे," त्या म्हणाल्या.

राजदीप पुढच्या रविवारी आला. या वेळी एकटा नव्हता. त्याच्याबरोबर काठी टेकत आलेले, धोतर नेसलेले एक म्हातारे गृहस्थ होते. हेच शामराव, हे वंदनाने ओळखलं. ते अजूनही राजदीपच्याच वाड्याच्या आवारात, त्याच्याच कृपेने मिळालेल्या खोलीत राहत होते. ते कोणाची बाजू घेणार हे सांगायला नको होतं.

तेजरामने दोघांना खुर्च्या दिल्या. भागीरथाबाई खाटेवर बसल्या होत्या, पदर नेहमीसारखा खोचलेला. राजदीपने नमस्कार करून मोबाइल काढला आणि चित्रण सुरू करून टेबलावर उभा ठेवला. त्याने वंदनाकडे पाहून विचारलं, सासूबाईंचं माहेर कोणतं?

"आमगावकडचं," वंदना म्हणाली. "माया लग्नानंतर मी जाऊन आली तिथं. आता घर पडलं त्यायचं." इतकं सफाईदार खोटं ती आयुष्यात बोलली नव्हती.

राजदीप हसला. त्याने शामरावांना पुढे व्हायला सांगितलं. शामरावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला. ते खाटेजवळ आले आणि वाकून पाहू लागले. भागीरथाबाईंनी नजर वळवली नाही. वंदनाला त्या म्हाताऱ्याच्या ओठांची हालचाल दिसत होती. आता तो शब्द निघणार, असं तिला वाटलं.

"काय पाहून राहिले भाऊ?" भागीरथाबाई म्हणाल्या. "मायी नजर कमी झाली, तुमाले ओळखलं नाई. कोणतं गाव तुमचं?"

शामराव सरळ झाले. "कुसुमपाट," ते म्हणाले. मग राजदीपकडे वळले. "ह्या त्या नव्हेत. माझी चूक झाली."

"नीट पाहा," राजदीप म्हणाला. "भिवई पाहा."

"पाहिली. राणीसाहेब उंच होत्या. आणि त्यांना असं बोलता यायचं नाही. मी त्यांना ग्रंथ आणून देत होतो, मला माहीत नाही?"

राजदीपचा आवाज पहिल्यांदा चढला. परवापर्यंत तुम्हीच छातीठोकपणे सांगत होता, म्हणाला. शामराव म्हणाले, मोबाइल छोटा, डोळे म्हातारे. तेजराम उठून उभा राहिला आणि मोबाइल उचलून राजदीपच्या हातात दिला. गाडीपर्यंत तो त्यांच्यामागे गेला. शामराव चपला घालायला दारात रेंगाळले, राजदीप पुढे गेला आहे हे त्यांनी पाहिलं, आणि मागे वळून खाटेच्या दिशेने असे वाकले की काठी हातातून सुटली. वंदनाने ती उचलून दिली.

राजदीप पुन्हा आला नाही. पण त्याने नाद सोडला असेल यावर वंदनाचा विश्वास बसला नाही. अनोळखी नंबरवरून फोन आला की ती उचलत नसे आणि मोनाला तिने घरातलं काहीही टाकायची बंदी केली. शामरावांची खोली गेल्याचं पुढे कळलं. गावातल्याच एका शेतकऱ्याने त्यांना ठेवून घेतलं होतं. तळ्यावर रोज चार-सहा माणसं बसून असत आणि बुजवायला आलेली गाडी दोनदा परत गेली होती.

हे सगळं वंदनाला कळलं ते गुंजनकडून. कारण दिवाळीनंतर ती पुन्हा कुसुमपाटला गेली आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी गुंजनला भिलाईला घेऊन आली. का आणते आहेस, असं गुंजनने विचारलं, तेव्हा वंदना म्हणाली की माझ्या सासूचा नवस होता. गुंजनने त्यावर फार विचारलं नाही.

डोळ्यावर पट्टी असलेली गुंजन आठवडाभर त्यांच्या घरी राहिली. पट्टी निघाल्यावर डोळ्यांत औषधाचे थेंब घालायचं काम भागीरथाबाईंनी कोणालाही करू दिलं नाही. गुंजनचं डोकं मांडीवर घेऊन त्या एक एक थेंब सोडत. दुपारी दोघी अंगणात बसत, एकीची छत्तीसगढी आणि दुसरीची भंडाऱ्याकडची मराठी, तरी गप्पा थांबत नसत.

एका दुपारी वंदना दाराआड उभी राहिली. ऐकायचं नव्हतं, पण पाय हलले नाहीत. भागीरथाबाई विचारत होत्या की तुझी आई कशी गेली, राणी गेल्यावर तिला वाड्यावर त्रास झाला का, कोणी मारलं का.

"नहीं ओ," गुंजन म्हणाली. हात कोणी लावला नाही. उलट आईने राणीचा शेवट पाहिला म्हणून गाव तिला मान देऊ लागलं. दगडाची पूजा तिच्याकडे आली, दर घरातून तिला धान्य येई. पोटभर जेवून, पिकलं पान होऊन गेली. फक्त एक होतं. दर अमावास्येला ती तळ्याच्या काठी उभी राहून राजहऱ्याच्या रुळांकडे पाहत राही. का, ते तिने मुलीलाही कधी सांगितलं नाही.

भागीरथाबाईंनी गुंजनच्या डोळ्यांवर पदराची सावली धरली, ऊन सरकून आलं होतं.

"झोप थोडी," त्या म्हणाल्या. "मीबी पडते."

आत येऊन त्या खाटेवर आडव्या झाल्या आणि झोपल्या, दिवेलागण होईपर्यंत. इतक्या वर्षांत त्या दिवसा झोपलेल्या वंदनाने पाहिल्या नव्हत्या. तिने चहा ठेवला, कपात गाळला आणि खाटेजवळ जाऊन हाक मारली. भागीरथाबाई उठल्या, कप घेतला आणि पहिल्या घोटावर न थांबता बोलत बोलतच प्यायला लागल्या. गुंजनला गावी पोचवायला या वेळी तेजरामने जावं, त्याने ते तळं एकदा बघायला हवं, असं त्या म्हणत होत्या.